आजीच्या नावापुढचा रकाना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणणार होते. सभेत बोलण्याची मला सवय नाही. आजवर मी मंडळात केले ते वर्गणीच्या वह्या लिहिण्याचे काम. नाव, रक्कम, शेरा असे रकाने भरण्यात माझी वर्षे गेली. तेव्हा आज एका रकान्याचीच हकीकत सांगावी असे ठरविले. हा रकाना माझ्या आजीच्या नावापुढचा आहे, आणि तो मी स्वतः चुकीचा भरला होता.

झाले असे. माझ्या भावाची मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडात डब्लिन शहरी राहते. तिची घरमालकीण वयस्कर बाई आहे. तिने एके दिवशी संगणकावर आपल्या आजोळच्या घरचा १९११ सालच्या खानेसुमारीचा तक्ता उघडून दाखविला. त्या देशात १९०१ आणि १९११ या दोन सालांचे घरोघरचे तक्ते जपून राहिले आहेत आणि ते कोणालाही पाहता येतात. घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, धर्म, धंदा आणि त्यांतच शिक्षणाचा एक रकाना. त्यात बहुधा तीनांपैकी एक उत्तर असते : लिहिता-वाचता येते, नुसते वाचता येते, वाचता येत नाही. घरमालकिणीच्या पणजीपुढे ‘नुसते वाचता येते’ असे लिहिलेले होते.

भाचीने त्याच रात्री मला फोन केला. ती आमच्या घराण्याची वंशावळ करते आहे. म्हणाली, “आत्या, आपल्या पणजीच्या नावापुढे काय लिहिलं असेल गं? पणजोबांच्या नावापुढे मी साक्षर लिहिलं आहे, त्यांची सही आहे ना कागदांवर. पणजीपुढे काय लिहू?”

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “अगं, ती अंगठा करायची. निरक्षर लिही.”

फोन ठेवला आणि निजायला गेले, पण झोप येईना. चातुर्मासातली आमची ओसरी डोळ्यांपुढे आली. कंदिलाच्या उजेडात आजी पांडवप्रताप वाचीत बसे. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर लावीत, पण न अडखळता. आळीतल्या सात-आठ बायका ऐकायला येत. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून भीमाची गोष्ट ऐकली आहे. जिच्या तोंडून मी पोथी ऐकली, तिला मी निरक्षर म्हणून मोकळी झाले होते!

दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटले, “थोडी थांब. तो रकाना कोरा ठेव.” आणि मग आपल्याकडच्या जुन्या खानेसुमाऱ्यांची माहिती काढावयास लागले. जे समजले ते आपल्यापैकी प्रत्येकीच्या घराला लागू आहे, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट ही की, आयर्लंडासारखा घरचा तक्ता आपल्याला मिळावयाचा नाही. आपल्याकडे मोजणी संपली, आकडे निघाले, की नावनिशीवार तक्ते पुढच्या पिढ्यांसाठी ठेवण्याची रीत नव्हती. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे गणकाची वही कोणाला पाहावयास मागता येत नाही. लोकांनी निर्धास्तपणे खरे सांगावे, हा त्यातला हेतू. तेव्हा आपल्या आजीचे नाव त्यात शोधायला कोणी जाऊ नये.

मग राहिले काय? राहिले ते छापील अहवाल. मुंबई इलाख्याचे १८८१ पासूनचे अहवाल मोठ्या ग्रंथालयांत आहेत, आणि आता संगणकावरही पाहता येतात. त्यांत जिल्हावार, धर्मवार, वयोगटवार आणि काही जातींचेही साक्षरतेचे तक्ते आहेत. १९५१ पासून जिल्ह्याजिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघू लागली. तीत तर गावाच्या नावापुढे साक्षर पुरुष किती, साक्षर स्त्रिया किती, हे मिळते. आपल्या माणसाचे नाव नसले, तरी आपले माणूस कोणत्या जगात वावरत होते ते त्यावरून कळते. मात्र ते आकडे वाचताना प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचाराव्या लागतात : प्रश्न काय होता, विचारला कोणी, आणि उत्तर कोणी दिले?

आधी प्रश्न घेऊ. आपल्याला वाटते साक्षर म्हणजे साक्षर, त्यात काय पाहायचे? पण दर खेपेला त्या शब्दाचे माप बदलत गेले आहे. १८८१ आणि १८९१ साली माणसांचे तीन वर्ग केलेले होते : शिकत असलेले, शिकलेले आणि न शिकलेले. एखादी पोर शाळेत नुकती बसली असली तरी ती ‘शिकत असलेली’. पुढे लग्न होऊन शाळा सुटली आणि अक्षरे विसरली, तर दहा वर्षांनी तीच ‘न शिकलेली’. १९०१ साली हा ‘शिकत असलेले’ वर्ग काढून टाकला आणि एकच प्रश्न ठेवला : कोणत्याही एका भाषेत लिहिता आणि वाचता येते काय? दोन्ही आले पाहिजे. नुसते वाचणारी त्यात बसत नाही.

१९११ साली माप आणखी कडक झाले. ज्याला स्नेह्याला पत्र लिहिता येते आणि त्याचे उत्तर आले तर वाचता येते, तो साक्षर. १९११ साली माझी आजी चौदा वर्षांची होती आणि सासरी नांदत होती. त्या वेळी टपालाचे कार्ड एका पैशाला मिळे. पण तो पैसा सुनेच्या हाती कोण देणार, आणि मैत्रिणीला पत्र लिहू कोण देणार? ज्या कसोटीवर तिची परीक्षा व्हावयाची, ती गोष्ट करण्याची संधीच तिला कधी आली नाही.

१९५१ साली मात्र गणकाला तीन खुणा दिलेल्या होत्या : लिहिता-वाचता येत नाही, वाचता येते पण लिहिता येत नाही, लिहिता-वाचता येते. म्हणजे आयर्लंडातल्या त्या पणजीचा मधला वर्ग आपल्याकडेही होता. माझी आजी बरोबर तिथली.

हा मधला वर्ग काही चमत्कारिक नव्हे. वाचणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. पूर्वी युरोपातही आधी वाचावयास शिकवीत आणि लिहिणे पुष्कळ मागाहून येई. आपल्याकडे तर बाईला पोथीपुरते वाचता आले तर ते पुण्याचे, पण हातात लेखणी आली की घरच्यांच्या पोटात गोळा! ती कोणाला काय लिहील, ही धास्ती. अशा किती बायका १९०१, १९११, १९२१ च्या तक्त्यांत न शिकलेल्यांत गेल्या असतील, त्याचा हिशेब कोणापाशीच नाही.

आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगते. १९०१ साली साऱ्या हिंदुस्थानात हजार स्त्रियांमागे साक्षर स्त्रिया सात भरतील की नाही, इतक्याच होत्या. १९११ साली सुमारे दहा, १९२१ साली अठरा, १९३१ साली एकोणतीस. १९५१ साली शेकडा नऊच्या आत, आणि २०११ साली शेकडा साठाच्या वर. हे वाचून ऊर भरून येतो. पण १९०१ च्या हिशेबात पाळण्यातल्या मुलीसुद्धा धरलेल्या आहेत. १९५१ चा आकडा पाच वर्षांच्या पुढच्यांचा आहे आणि १९९१ पासून सात वर्षांच्या पुढच्यांचेच प्रमाण काढतात. शिवाय फाळणीने देशाची हद्दच बदलली. १९४१ साली तर महायुद्धामुळे सगळे तक्ते तयारच झाले नाहीत. तेव्हा एका सालचा आकडा दुसऱ्या सालच्या आकड्याशेजारी ठेवताना माप एकच आहे ना, एवढे पाहावे. तांदूळ आपण एका घरी पायलीने आणि दुसऱ्या घरी किलोने मोजून तुलना करतो का?

आता दुसरी गोष्ट : विचारले कोणी, आणि उत्तर कोणी दिले? गणक म्हणजे गावचा तलाठी, कुलकर्णी, नाहीतर शाळामास्तर. पुरुषच. १९३१ पर्यंत ठरलेल्या एका रात्रीची मोजणी असे. आधी काही दिवस फिरून काळ्या शाईने तक्ते भरून ठेवीत आणि त्या रात्री पुन्हा घरोघर जाऊन आले-गेले, जन्मले-वारले यांची दुरुस्ती लाल शाईने करीत. एकट्या माणसाकडे कितीतरी घरे. तो ओसरीवर टेकणार, घरातला कर्ता पुरुष सांगणार आणि तो लिहिणार. कोणाची परीक्षा घेण्यास त्याला वेळ नव्हता, आणि स्वयंपाकघरात डोकावण्याची तर प्राज्ञाच नव्हती.

आमच्या घरी १९५१ साली काय झाले, ते मला आत्याने सांगितले. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. गावच्या शाळेतले मास्तर गणक होऊन आले होते. आजोबांनी स्वतःचे सांगितले, मुलांचे सांगितले. आजीची पाळी आली तेव्हा मास्तरांनी विचारले, “बाईंना लिहिता-वाचता येतं का?” आजोबा म्हणाले, “तिला काय येणार! चूल फुंकता येते.” सगळे हसले. आजी आत तांदूळ निवडीत होती. तिने वर पाहिले नाही. आत्या म्हणाली, “मास्तर बसले होते ना, त्यांच्या पाठीमागच्याच कोनाड्यात पोथी होती.”

आजोबा वाईट नव्हते. त्या काळी चारचौघांत बायकोचे असेच बोलावयाचे, अशी रीत होती. पण त्या एका वाक्याने आजी मधल्या वर्गातून पहिल्या वर्गात गेली. आणि आजोबांचे काय? ते मोडीत झोकात सही करीत, हिशेब मांडीत. पण बाळबोध पोथी पुढे ठेवली तर त्यांची गाडी दर शब्दाला अडे. ते मात्र लिहिता-वाचता येणारे. खोटे काही नव्हते. पण पुरे खरेही नव्हते.

आता मोडीचे नाव निघाले म्हणून तिसरी गोष्ट सांगते, आणि तीच माझ्या मनाला सर्वांत लागून राहिली आहे.

आजीला तिच्या माहेरचा जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. तो १९३८ साली गेला. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की आजीने अंगठा केला, तिला वाचता येत नव्हते म्हणून ती फसली. आजी स्वतः मात्र एवढेच म्हणे, “मला गहाण म्हणून सांगितलं होतं.” काही वर्षांपूर्वी जुन्या ट्रंकेत तो कागद सापडला. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडून मी तो वाचून घेतला. कागद गहाणाचा नव्हता, कायम खरेदीचा होता. शेवटी लिहिलेले होते की, मजकूर वाचून दाखविला, तो कबूल आहे. आणि त्याखाली ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’.

भगिनींनो, तो कागद मोडीत होता. आजीला बाळबोध येत होते. धाकट्या भावाच्या शेजारी बसून, तो धूळपाटीवर गिरवी ती अक्षरे पाहून पाहून ती छापील बाळबोध वाचावयास शिकली होती. मोडी तिला कोणी शिकविली नाही, कारण मोडी ही कचेरीची, व्यवहाराची, पुरुषांची लिपी. तिने त्या कागदावर डोळे फिरविले असतील, तर तिला त्यातले एक अक्षरही लागले नसेल. हाच मजकूर बाळबोधीत छापलेला असता, तर ‘खरेदी’ हा शब्द तिने बोट ठेवून वाचला असता आणि अंगठा आखडता घेतला असता. ज्या बाईला अठरा पर्वांची कथा वाचता येत होती, तिला आपल्या शेताचा कागद वाचता आला नाही. आता सांगा, तिच्या रकान्यात साक्षर लिहावे की निरक्षर?

म्हणून मी म्हणते की या एका शब्दावर आपण थांबू नये. ‘निरक्षर’ शब्द वाचून आपण चटकन ‘अडाणी’ म्हणतो, तीही मोठी चूक. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आदींनी उतरून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्या छापून निघाल्या. गणकाच्या मापाने त्या निरक्षरच. दुसऱ्या बाजूला रमाबाई रानड्यांचे पाहा. १८७३ साली लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी शिकविले आणि पुढे त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. एकाच बाईच्या आयुष्यात आधी ‘न शिकलेली’ आणि मग ‘शिकलेली’. म्हणजे एका सालची नोंद ही जन्माची नोंद नव्हे.

पण याचा अर्थ निरक्षरतेचे कौतुक करावे असा नाही. आजीला लिहिता आले असते तर तिने माहेरी पत्र धाडून भावाला विचारले असते. तिचे शेत वाचले असते. कित्येक घरांतल्या मुलींना तर धूळपाटीपाशीही कोणी उभे केले नाही, आणि कित्येकांच्या साऱ्या वस्तीलाच शाळेचे दार बंद होते. पुण्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना काय सोसावे लागले हे आपण जाणतो. अशा घरच्या पणजीपुढे ‘निरक्षर’ असे आले, तर तो दोष तिचा नाही. दार कोणी बंद केले होते, तेही शेजारी लिहावे.

आता आपापल्या घरची माहिती कशी काढावी, ते थोडक्यात सांगते.

प्रथम घरातल्या सर्वांत वडील बाईपाशी बसा. ‘आजी शिकलेली होती का?’ असे विचारू नका. त्याला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘आजी पोथी वाचायची का? पत्र आलं तर कोण वाचून दाखवी? दुधाचा हिशेब कशावर मांडी? भिंतीवर रेघा ओढी का?’ असे विचारा. मग एकेक आठवण निघेल.

दुसरे, ट्रंका उघडा. पोथीचे शेवटचे पान पाहा, तिथे मुलांचे जन्म टिपलेले असतात. अक्षर कोणाचे ते ओळखा. मनीऑर्डरीच्या पावत्या, जमिनीचे कागद, फेरफाराच्या नकला पाहा. सही आहे की अंगठा, की नांगरासारखी निशाणी? पण सही दिसली म्हणून वाचता येत होते असे समजू नका, आणि अंगठा दिसला म्हणून वाचता येत नव्हते असेही समजू नका. कागद कोणत्या लिपीत आहे तेही पाहा.

तिसरे, गावच्या शाळेतले जनरल रजिस्टर. तिथे मुलीचे नाव, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण मिळते. कारणाच्या जागी पुष्कळदा ‘लग्न’ हा एकच शब्द असतो.

आणि चौथे, जनगणनेची पुस्तिका. आपल्या गावाची ओळ काढा. १९५१ आणि १९६१ शेजारी ठेवा. मध्यंतरी १९५९ साली साताऱ्याकडून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. रात्री कंदील घेऊन प्रौढ बायका अक्षरे गिरवीत होत्या. कोण जाणे, आपली एखादी काकू-मामी त्यांत असेल. फक्त पुस्तिकेच्या आरंभी साक्षर कोणाला म्हटले आहे ते आधी वाचा आणि मगच आकडा वाचा.

आमच्या वंशावळीत तो रकाना आता भरला आहे. भाचीने एका शब्दाची जागा वाढवून चार ओळींची केली. तिथे असे लिहिले आहे : ‘छापील बाळबोध वाचीत असे. लिहिता येत नसे. मोडी येत नसे. भावाच्या धूळपाटीवरून शिकली. १९५१ च्या गणनेत तिचे उत्तर घरच्या पुरुषाने दिले.’ आजोबांपुढचा ‘साक्षर’ शब्दही काढला आणि ‘मोडी लिहीत-वाचीत, बाळबोध अडखळत’ असे केले. आत्याला ते वाचून दाखविले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पांडवप्रतापाचं नाव घाल.” ते घातले.

जाता जाता एक विनंती. २०२१ साली व्हावयाची आपली जनगणना लांबली. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस सरकारने २०२५ साली जाहीर केला. गणक आपल्या दारी येईल तेव्हा आपण आत तांदूळ निवडीत बसू नये. बाहेर यावे आणि आपले उत्तर आपण द्यावे. सासूबाईंना पोथी वाचता येत असेल, तर त्यांनाही हाताला धरून बाहेर आणावे आणि त्यांचे त्यांना सांगू द्यावे.